जुन्या पद्मिनीचे जाम झालेले बोल्ट: पाइप लावण्याआधी

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीजवळच्या गावी पत्र्याच्या शेडखाली १४ वर्षे उभी होती. इंजिन हाताने फिरते, म्हणजे पिस्टन मोकळे आहेत. परंतु गॅसकेट (सांधा गळू नये म्हणून मध्ये घालतात ती पट्टी) बदलण्यासाठी हेड (सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग) उतरवायचे आहे आणि तिथेच काम अडले आहे. पान्याला पाइप लावून जोर देताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या भागाचा) एक ८ मिमीचा स्टड (हेडमध्ये रोवलेला, डोके नसलेला बोल्ट) तुटला, दोन नटांचे कोपरे झिजून गोल झाले आणि थर्मोस्टॅटच्या (इंजिनातल्या पाण्याचा प्रवाह उघडबंद करणाऱ्या झडपेच्या) झाकणाचे बोल्ट जागचे हलत नाहीत. गावातले मेकॅनिक गॅसच्या ज्योतीने सगळे लाल करून सोडवू म्हणतात, तर आपल्याला आणखी लांब पाइप घ्यावासा वाटतो. या दोन्हींपैकी योग्य काय, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की आज तरी दोन्ही थांबवावे. जुन्या गाड्यांच्या इंजिनांवर मी जवळजवळ तीस वर्षे काम करत आहे, आणि हाताला कमी जोर होता म्हणून एखादे काम बिघडल्याचे मला आठवत नाही. बिघडलेली कामे बहुतेक एकाच कारणाने बिघडली: बोल्ट नेमका कशाने आणि कोणत्या ठिकाणी धरला गेला आहे, हे न पाहता जोर लावला गेला. आपल्या इंजिनात तीन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत आणि तिघींचा उपाय एक नाही. मॅनिफोल्डचा नट स्टडवर गंजला आहे, म्हणजे तिथे लोखंडाने लोखंड धरले आहे. थर्मोस्टॅटच्या झाकणाचे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये अडकले आहेत. आणि सगळे नट-बोल्ट सुटल्यावरही हेड जागेवर चिकटून बसण्याची शक्यता आहे, ती तिसरी अडचण अजून आपल्यासमोर यायची आहे.

आपल्या गाडीचे १०८९ सीसीचे इंजिन मूळचे फियाट ११०० चे आहे. त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा मुख्य भाग, बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे असतात, त्यामुळे ज्या कारागिराचा हात अँबॅसडरवर बसला आहे त्याला ज्योत लावून लाल करण्याची सवय असते, आणि बिडाच्या बाबतीत ती अगदीच चुकीची म्हणता येत नाही. ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र ती घातक आहे. पोलाद काळसर लाल दिसू लागते तेव्हा त्याचे तापमान साधारण ६०० ते ७०० अंश सेल्सिअस असते, आणि हेडसाठी वापरतात ती ॲल्युमिनियमची मिश्रधातू ६०० अंशांच्या आतच वितळू लागते. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होऊन इशाराही देत नाही. काही क्षणांपूर्वी जशीच्या तशी दिसणारी कड एकदम खचते. आपल्या मेकॅनिकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण स्टड लाल होईपर्यंत त्याच्या मुळाशी ज्योत धरली तर हेडच गमवावे लागेल.

आता पाइपविषयी. साध्या ८.८ प्रतीचा ८ मिमी जाडीचा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला (हे पिळाचे माप) आवळतात. अर्धा मीटर लांबीच्या पाइपच्या टोकावर माणसाने २० किलोचा भार टाकला, तर बोल्टवर जवळजवळ १०० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो, म्हणजे आवळताना दिलेल्या पिळाच्या चौपट. शिवाय १४ वर्षांत गंजाने त्या स्टडचा काही भाग खाल्ला आहे, म्हणजे तो मूळच्या ८ मिमीचा राहिलेलाच नाही. आपला स्टड तुटला यात आश्चर्य नाही, आणि पाइप आणखी लांब केला तर उरलेलेही त्याच वाटेने जातील. लांब पाइपचा दुसरा तोटा असा की हाताला बोल्टची भाषा कळेनाशी होते.

त्या भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या कामातले निम्मे कौशल्य तिथे आहे. छोट्या हँडलने सावकाश जोर वाढवत नेला असता, सुटणारा बोल्ट बहुधा एक कोरडा ‘कट्’ असा आवाज करतो आणि त्याच क्षणी किंचित फिरतो. तो आवाज गंजाची पकड तुटल्याचा असतो. तुटायला निघालेला बोल्ट मात्र आवाज करत नाही. पाना फिरतो आहे असे वाटते, पण ते फिरणे मऊ असते, ओल्या दोरीला पीळ द्यावा तसे, आणि जोर काढल्यावर पाना थोडा मागे येतो. हा मऊपणा जाणवला की त्याच क्षणी थांबावे, उलट आवळण्याच्या दिशेने तेवढेच मागे जावे आणि त्या दिवशी त्या बोल्टला पुन्हा हात लावू नये. माझे मिस्त्री मला शिकवताना पान्याला फक्त हाताचा तळवा लावू देत, मूठ आवळू देत नसत. त्या वेळी ते मला विचित्र वाटे. पुढे कळले की मूठ आवळली की मनगटाला काही जाणवत नाही.

गंज बोल्टला का धरतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि नट व स्टड यांच्या आट्यांमध्ये (चक्राकार खाचांमध्ये) तेवढी जागाच नसते. म्हणजे गंज तिथे पाचरीसारखा ठासून बसतो. शिवाय बोल्ट आवळताना लावलेल्या पिळापैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष पकड निर्माण करण्यासाठी फक्त सुमारे १० टक्के उरतो. त्यामुळे सोडवतानाही आपली लढाई मुख्यतः घर्षणाशी असते, आणि घर्षण मोडायला सततच्या जोरापेक्षा छोटे धक्के अधिक उपयोगी पडतात. म्हणूनच मी प्रथम बोल्टच्या डोक्यावर पितळी पंच ठेवून मध्यम हातोडीने सरळ अक्षाच्या दिशेने आठ-दहा ठोके देतो. ठोका इतकाच की घणघणीत आवाज यावा. आट्यांना इजा होईल इतका नाही. मॅनिफोल्डवर ठोके देताना हात आणखी हलका ठेवावा, कारण बीड ठिसूळ असते आणि त्याचा कान (बोल्टच्या छिद्राभोवतीचा भाग) तुटला तर नवा मॅनिफोल्ड मिळवणे स्टडपेक्षा फार कठीण जाते.

त्यानंतर तेल आणि वेळ. बाजारातला गंज सोडवणारा कोणताही चांगला फवारा चालेल. अनेक जण ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळून वापरतात; मीही वापरतो. ही दोन द्रव्ये वेगळी होतात, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते, ॲसिटोन रंग आणि रबर खराब करते आणि चटकन पेट घेते, हे ध्यानात ठेवावे. परंतु तेल कोणते यापेक्षा किती दिवस दिले हे अधिक महत्त्वाचे आहे. सकाळ-संध्याकाळ दोन थेंब आणि त्यानंतर हलके ठोके, असे किमान चार दिवस चालू द्यावे. आट्यांच्या फटी इतक्या बारीक असतात की तेल त्यांत आपोआप ओढले जाते, पण ते फार सावकाश. आपली गाडी १४ वर्षे उभी होती. आणखी चार दिवसांनी तिचे काही बिघडणार नाही.

दरम्यान पाने तपासून घ्यावेत. फियाटचे आटे मेट्रिक आहेत, म्हणून १३ मिमीच्या नटाला १३ चाच पाना हवा. अँबॅसडर आणि जुन्या जीपवर काम करणाऱ्यांच्या पेटीत इंची पाने असतात आणि अर्धा इंची पाना १२.७ मिमीचा असतो. तो १३ च्या नटावर बसत नाही, पण उलट प्रकार सर्रास घडतो. १३ चा पाना अर्धा इंची नटावर बसतो, किंचित हलतो आणि कोपरे खातो. आपल्या दोन नटांचे कोपरे बारा कोनी रिंग पान्याने गेले असतील असा माझा अंदाज आहे. अशा कामाला सहा कोनी बॉक्स पानाच वापरावा, कारण तो कोपऱ्यावर न टेकता नटाच्या सपाट बाजूवर टेकतो. बॉक्स बसवण्यापूर्वी नटावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून तो पूर्ण खाली बसतो आहे की नाही हे पाहावे. मॅनिफोल्डच्या जुन्या गॅसकेटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची बरीच शक्यता असते, म्हणून तिच्या आसपास कोरडे घासू नये, पाणी मारून ओले करूनच साफ करावे.

गोल झालेल्या त्या दोन नटांसाठी मी पान्याचा विचारच करणार नाही. नट स्वस्त आहे, स्टड त्याहून थोडा महाग आहे आणि हेड जवळजवळ न मिळणारे आहे. म्हणून नुकसान सोसायचेच असेल तर ते नटाने सोसावे. नट फोडणारे साधन मिळते, ते नसेल तर नटाच्या एका सपाट बाजूवर छोट्या ग्राइंडरने स्टडच्या आट्यांना स्पर्श होईल न होईल इतकी खाच करावी आणि त्या खाचेत छिन्नीचा एक ठोका द्यावा. नट उकलतो आणि हाताने निघतो. स्टडच्या आट्यांना किंचित ओरखडा आला तर डाय (बाहेरचे आटे कापणारे साधन) फिरवून तो दुरुस्त होतो.

बाकीच्या नटांसाठी उष्णता वापरता येते, पण मोजून. छोट्या तोंडाची ज्योत फक्त नटावर, हेडच्या विरुद्ध दिशेला वळवून, वीस-तीस सेकंद धरावी. नट तापून फुगतो, स्टड अजून तुलनेने थंड असतो, आणि गंजाचा थर तडकतो. ज्योत काढल्यावर नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवावी. मेण वितळून आट्यांत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. तापलेल्या भागावर तेलाचा फवारा मारण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. मग प्रथम आवळण्याच्या दिशेने किंचित, नंतर सोडण्याच्या दिशेने, पुन्हा आवळण्याच्या दिशेने, असे पुढे-मागे करत नट बाहेर आणावा. मध्येच तो जड लागला तर निघतो आहे म्हणून पुढे रेटू नये. कुटलेला गंज आट्यांत साठलेला असतो आणि तो मागे फिरूनच बाहेर पडतो. हे सर्व करण्याआधी कार्ब्युरेटर उतरवावा, पेट्रोलची नळी बंद करून टाकीपासून वेगळी करावी आणि जवळपास ब्रेक क्लीनरचा फवारा मारलेला नसल्याची खात्री करावी. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर ज्योतीच्या किंवा वेल्डिंगच्या संपर्कात आला की अत्यंत विषारी वायू तयार होतो.

थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या बोल्टची गोष्ट वेगळी आहे. तिथे लाल गंज कमी आणि पांढरी भुकटी जास्त दिसेल. पोलाद आणि ॲल्युमिनियम पाण्याच्या संगतीत आले की ॲल्युमिनियम झिजते, आणि त्याचा तो पांढरा थर बोल्टभोवती सिमेंटसारखा घट्ट बसतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने ही झीज वाढते, आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षे साधे पाणी घातले गेले असेल तर आणखी वाढते. इथे आपल्या बाजूने एकच गोष्ट आहे: ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून या ठिकाणी बोल्ट न तापवता बोल्टभोवतीचे ॲल्युमिनियम तापवावे, तेही ज्योतीने न करता गरम हवेच्या गनने, पाण्याचा थेंब टाकताच तडतडून उडावा इतपत. १०० अंश वाढीने ८ मिमीच्या छिद्रात जेमतेम एक शतांश मिमीच्या आसपास मोकळीक मिळते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पांढरा थर तडकायला तो पुरतो. एका वेळी न सुटल्यास तापवणे, थंड होऊ देणे आणि तेल देणे हे चक्र तीन-चारदा करावे.

तुटलेल्या स्टडबद्दल नेमके सांगायचे तर तो किती बाहेर आहे यावर सर्व अवलंबून आहे. तीन-चार मिमी किंवा अधिक भाग बाहेर असेल तर वेल्डिंगचा मार्ग सर्वोत्तम. तुटलेले टोक कानशीने सपाट करावे, त्यावर स्टडपेक्षा एक माप मोठा नट ठेवावा आणि नटाच्या आतल्या पोकळीत वेल्ड भरावे. पोलादाचे वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटण्याची भीती कमी असते. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड प्रथम फुगतो व भोवतालच्या पांढऱ्या थराला चिरडतो, आणि थंड होताना आकसून मोकळा होतो. लाली गेल्यावर, पण हेड अजून गरम असताना, पुढे-मागे करत सोडवावा. पहिल्या खेपेला वेल्ड तुटले तर निराश होऊ नये, मी एकाच स्टडवर चार वेळा नट जोडलेला आहे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या आणि डायनामो किंवा अल्टरनेटरच्या तारा सोडाव्यात, आणि ज्याचा हात बारीक वेल्डिंगवर बसलेला आहे अशाच माणसाकडून हे काम करून घ्यावे.

स्टड पृष्ठभागाच्या सपाटीला तुटला असेल तर ड्रिल करावे लागेल, आणि त्यासाठी हेड उतरवून टेबलावर घेणेच बरे. छिद्र अगदी मध्यावर पाडणे हे इथले सर्वांत अवघड काम आहे, कारण पोलाद कठीण आणि भोवतीचे ॲल्युमिनियम मऊ. ड्रिल थोडे जरी सरकले तरी ते मऊ बाजूला पळते. मी लेथवर एक छोटी बुश (पोकळ नळकांडी) बनवून घेतो, जी मॅनिफोल्डच्याच छिद्रात बसते आणि ड्रिलला मध्यावर धरते. ३ मिमीपासून सुरुवात करून क्रमाने वाढवत जावे. शक्य असल्यास उलट दिशेला कापणारे ड्रिल वापरावे, कारण कित्येकदा छिद्र पाडता पाडताच स्टड फिरून बाहेर येतो. १.२५ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) ८ मिमी आट्यांसाठी शेवटचे ड्रिल ६.८ मिमीचे असते. तिथवर मध्य अचूक राहिला तर जुन्या आट्यांची उरलेली कडी टोकदार साधनाने उचलून काढता येते आणि मूळ आटे वाचतात. न वाचल्यास तारेचे इन्सर्ट, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावे. ॲल्युमिनियममध्ये नीट बसवलेले इन्सर्ट मूळ आट्यांपेक्षा कमी टिकत नाही, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

एक्स्ट्रॅक्टरपासून (तुटलेल्या बोल्टच्या छिद्रात ठोकून तो उलटा फिरवणाऱ्या काडीपासून) मात्र आपण दूर राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी नवखा असताना एका पद्मिनीच्याच हेडमध्ये तुटलेल्या स्टडमध्ये छिद्र पाडून एक्स्ट्रॅक्टर ठोकला आणि तो आतच तुटला. त्याचे पोलाद इतके कठीण असते की साधे ड्रिल त्याला खरचटूही शकत नाही. शेवटी ते हेड साचे बनवणाऱ्या एका टूलरूममध्ये नेऊन विजेच्या ठिणग्यांनी तो तुकडा जाळून काढावा लागला. टॅक्सीचे ते हेड होते, आणि तिचा मालक आठवडाभर धंद्याविना बसला. ते मला आजही बोचते. जो स्टड पूर्ण ताकदीच्या पान्याला दाद देत नाही, तो त्याच्याच पोटात घातलेल्या बारीक काडीला देईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

या निमित्ताने एक गोष्ट. तुरटीच्या उकळत्या द्रावणात पोलाद हळूहळू विरघळते आणि ॲल्युमिनियमला फारशी इजा होत नाही. घड्याळजी ही युक्ती पितळेत तुटलेल्या स्क्रूसाठी वापरतात. थर्मोस्टॅटच्या झाकणासारख्या सुट्या ॲल्युमिनियमच्या भागात बोल्ट तुटून राहिला तर ही युक्ती वापरता येते. पूर्ण हेड मात्र त्यात कधीही बुडवू नये, कारण व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या सीट आणि ज्यांत सरकतात ते गाइडही लोखंडी असतात व द्रावण त्यांनाही खाते.

आता तिसरी अडचण. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच, बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे, प्रत्येकी पाव फेरा असे सोडवावेत. एकाच बाजूने मोकळे केले तर हेड वाकते. सगळे सुटल्यावरही हेड उठले नाही तर सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये, कारण ॲल्युमिनियमवर पडलेली ती खाच पुढे पाणी गळण्याची वाट बनते. हेड स्टडवर बसलेले असेल तर स्टडभोवतीच्या फटीत रोज तेल सोडावे आणि लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी ठोके द्यावेत. शक्य ते स्टड दोन नट एकमेकांवर आवळून बाहेर काढावेत. यानेही न उठल्यास दोरीचा उपाय करावा. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरची शाफ्ट उतरवलेली असल्याने सगळे व्हॉल्व्ह बंद असतात. पहिला आणि चौथा पिस्टन खाली असताना दोन्ही प्लगच्या छिद्रांतून मऊ सुती दोरी आत सोडावी, तिचे टोक बाहेर ठेवावे आणि क्रँक हाताने सावकाश फिरवावी. दोरी दबून हेडला आतून सारखे वर ढकलते. स्टार्टर वापरू नये.

जोडणीच्या वेळी जुने स्टड पुन्हा घालू नयेत, आणि मॅनिफोल्डला पितळी नट लावावेत, कारण ते स्टडवर गंजत नाहीत. आटे साफ करताना नवा टॅप (छिद्रात आटे कापणारे साधन) न फिरवता आटे फक्त मोकळे करणारा टॅप वापरावा, म्हणजे धातू कापला जाणार नाही. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या आट्यांना तांब्याऐवजी निकेलचे अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) हलकेच लावावे, आणि ते लावल्यावर टॉर्क पान्याचा (पीळ मोजणाऱ्या पान्याचा) आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्यापेक्षा साधारण २० ते ३० टक्के कमी धरावा, कारण घर्षण घटल्याने तोच पीळ बोल्टला जास्त ताण देतो. ब्लॉकमधली जी छिद्रे खालून बंद आहेत त्यांत तेल किंवा पाणी साचलेले राहू देऊ नये. आवळताना बोल्ट त्या द्रवाला दाबतो, द्रवाला जायला जागा नसते आणि बिडाला तडा जातो. म्हणून बोल्ट घालण्यापूर्वी प्रत्येक छिद्र काडीला कापड गुंडाळून कोरडे करावे आणि काडी तळापर्यंत पोचली की नाही हे बोल्टच्या लांबीशी ताडून पाहावे.